तुम्ही विचारलंत म्हणून: कायदा झालाय, मग आता काय वाचता?

‘दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा तर दिल्लीत कधीच झालाय. मग अधिवेशन आलं की राज्याचे कागद काय उपसत बसता?’ हे मला नातेवाईक विचारतात, बँकेतले सहकारी विचारायचे, आणि चळवळीतली माणसंही विचारतात. त्यांनी विचारलं की जरा नवल वाटतं.

कायदा झाला, खरंच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, ते 21 झाले. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आलं. पण तोच कायदा सावकाश वाचला की पानोपानी ‘समुचित शासन’ भेटतं, आणि आपल्या रोजच्या बहुतेक कामांत ते म्हणजे राज्य सरकार. आयुक्त नेमायचा राज्याने, सल्लागार मंडळ राज्याने, जिल्ह्याजिल्ह्यातल्या समित्याही राज्यानेच. कलम 101 ने राज्याच्या नियमांना सहा महिन्यांची मुदत घातली आणि ते विधिमंडळापुढे ठेवायला सांगितले. मुदतीचं पुढे काय होतं ते इथे काढत नाही, रक्तदाब वाढतो. मुळात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतच अपंगांना साहाय्य हा विषय राज्यसूचीत आहे, नोंद 9. तेव्हा मुंबईकडे कान लावायचा नाही तर कुठे?

पैशाचंच बघा. कलम 24 म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान 25 टक्के जास्त हवी. आपल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत 2023 मध्ये अनुदान वाढून महिना 1500 रुपये झालं, पण सगळ्यांना सारखंच. 25 टक्क्यांचा हिशेब केला तर 1875 व्हायला हवे होते. ही वजाबाकी करायला वकील लागत नाही. कायदा आणि शासन निर्णय शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात, एवढंच. 2025 मध्ये दिव्यांगांसाठी रक्कम 2500 करण्याचा निर्णय झाला. आमच्या निवेदनांमुळे झाला असं मी म्हणणार नाही, अशा निर्णयांना बाप पुष्कळ असतात. पण कलम दाखवून मागणारी माणसं होती, आणि कलम दाखवलं की समोरच्याला ‘बघू’ म्हणून उठता येत नाही.

मला दिसत नाही, त्यामुळे माझं वाचणं म्हणजे ऐकणं. शासन निर्णय स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर लावायचा. आधी ‘वाचा’ खाली जुन्या निर्णयांची जंत्री, मग प्रस्तावना, मग खरा मजकूर, शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने. मी सरळ लेखाशीर्षाच्या, म्हणजे पैसे कोणत्या खात्यातून येणार त्या परिच्छेदावर उडी मारते. खर्च कुठून भागवायचा ते तिथे लिहिलेलं नसेल तर बाकीचा निर्णय कितीही गोड असो, तो कपाटातच राहणार. एका विभागाने तर दिव्यांगांसाठीचंच परिपत्रक स्कॅन करून टाकलं होतं. ते नुसतं चित्र, त्यामुळे स्क्रीन रीडर गप्प. आमच्याचसाठी काढलेला कागद शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यावा लागला.

विधिमंडळाची कागदपत्रं मात्र ऐकायला मजा येते. आमदार मंत्र्यांना सभागृहात विचारतात त्या तारांकित प्रश्नांचा साचा ठरलेला. अमुक ठिकाणी अमुक झाले नाही, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर येतं: ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि शेवटी: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ या ‘अंशतः’मध्ये माझा सगळा जीव अडकलेला असतो, कारण कोणता अंश खरा ते मंत्र्यांना पुढच्या ओळीत सांगावं लागतं, आणि ते लेखी असतं. आश्वासन दिलं असेल तर तारीख टिपून ठेवायची. सभागृहातल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

आता आमदारांकडे कसं जायचं, तेही विचारता. हार आणि फोटोवाल्याला घेऊन जाऊ नका. एक पान न्या: कलम कोणतं, शासन निर्णय कोणत्या तारखेचा, तालुक्यात काय झालं नाही. खाली त्याच साच्यातला प्रश्न टाइप केलेला असावा. आणि आमदारांपेक्षा त्यांच्या पीएला आधी भेटा. प्रश्नांची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते, ती पीएच्या डोक्यात असते. नागपुरात हिवाळ्यात मोर्चाला लोक येतात, घोषणा होतात. त्याला माझा विरोध नाही, दबाव लागतोच. पण तोवर त्या अधिवेशनाचे प्रश्न देऊन झालेले असतात.

2022 मध्ये राज्यात दिव्यांग कल्याणासाठी वेगळा विभाग झाला. चांगलंच झालं, निदान पत्ता एक झाला. पण बसस्थानकाची पायरी परिवहनाकडे, शाळेचं रॅम्प शालेय शिक्षणाकडे आणि गावचा निधी ग्रामविकासाकडे. म्हणून मी इतर विभागांचे निर्णयच जास्त ऐकते. इतर राज्यांकडेही लक्ष असतं. तमिळनाडूने 2025 मध्ये विधेयकं संमत करून स्थानिक स्वराज्य संस्थांवर दिव्यांगांना नामनिर्देशित करण्याची सोय केली. आपल्याकडे हे का नको, असं विचारायला आता नमुना तयार आहे.

आणि तुम्हाला सुरुवात करायची असेल तर विधेयकापासून करू नका, कंटाळाल. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. येत्या ग्रामसभेत उभं राहून गेल्या वर्षीचे ते 5 टक्के किती होते आणि कशावर गेले, एवढंच विचारा. ग्रामसेवक म्हणतील, नंतर सांगतो. त्यांना सांगा, इतिवृत्तात प्रश्न लिहून घ्या, मग नंतर सांगा.