फास सुटला नाही तेव्हा

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षेत फ्लायव्हील, म्हणजे आसावर फिरणारं जड चाक, आलं की मुलं खूश असतात. आसावर दोरा गुंडाळायचा, फास खुंटीत अडकवायचा, वजन सोडायचं. दोरा उलगडून संपला की फास गळून पडतो; मग खडूच्या खुणेवर डोळा ठेवून चाक थांबेपर्यंतचे फेरे मोजायचे.

यंदा एका मुलीचा फास सुटलाच नाही. तळाशी हिसका बसला आणि दोरा उलट्या बाजूने गुंडाळत वजन परत वर चढू लागलं. अशा वेळी सगळे चाक हाताने थांबवतात. तिने थांबवलं नाही. पट्टीवर उंच्या टिपून घेतल्या: ६० सेंटीमीटरवरून सोडलेलं वजन ४८ पर्यंत चढलं, पुढच्या खेपेला ३८ च्या जरा वर. दर वेळी साधारण चार पंचमांश.

कॉन्झर्व्हेटिव्ह (ऊर्जेचा हिशेब चुकता करणारी) आणि नॉन-कॉन्झर्व्हेटिव्ह (ऊर्जा खाऊन टाकणारी) बलांचं अख्खं प्रकरण त्या तीन आकड्यांत आहे. गुरुत्वाकर्षण उतरताना देतं तेवढंच चढताना परत घेतं, त्याला फक्त उंचीशी मतलब. घर्षण मात्र चाक सुलट फिरो की उलट, दर फेऱ्याला वसुली करतं. हरवलेल्या उंचीची ऊर्जा भागिले एकूण फेरे, की दर फेऱ्याचा तोटा हातात. स्टॉपवॉचची गरजच नाही!

एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, 'प्रोसीजर चुकली' म्हणून गुण कापले. नेहमीचं रीडिंग तिने नंतर नीट घेतलं होतं, तरीही. मी भांडलो, उपयोग झाला नाही. छापील कृतीत नाही ते रीडिंगच नाही, ही आपल्या प्रयोगशाळांची जुनी खोड. त्यापायी बघणारी मुलं बघायची थांबतात, याचा मला खरंच राग येतो.

घरी येऊन तिचे आकडे मांडले. उंचीवरून निघालेला तोटा नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त आला. एक तर वजन लटकलेलं असताना बेअरिंगवर भार थोडा जास्त पडतो. दुसरा संशय तळाच्या हिसक्यावर. आधी वाटलं, कमी उंचीवरून सोडून हिसका वेगळा काढता येईल. पण उंची निम्मी केली की फेरे निम्मे आणि हिसक्यात जाणारी ऊर्जाही निम्मी, म्हणजे प्रमाण तेच राहतं. वजनच बदलायला हवं: जड वजनाला घर्षणाचा वाटा घटतो, हिसक्याचा वाढतो. परीक्षा संपल्या की तिला बोलावून तेच करायचं आहे, या वेळी फास मुद्दाम बांधून.