परत केलेला पत्ता

आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, रविवारी आम्ही जळगावच्या आमच्या कार्यालयात चौदा खेळाडूंना बोलावले होते. आमचा खेळ मोबाइलवर दोघांनी समोरासमोर खेळायच्या पत्त्यांच्या लढाईचा आहे. प्रत्येकाने आपल्या पसंतीचे ३० पत्ते निवडून डेक बांधायचा, सुरुवातीला चार पत्ते हातात घ्यायचे, प्रत्येक चालीला एक नवा पत्ता ओढायचा आणि चालीगणिक एकेकाने वाढणाऱ्या ऊर्जेच्या बळावर पत्ते मैदानात उतरवून समोरच्याचा किल्ला पाडायचा. या खेळाचे नियम ठरवणे आणि पत्त्यांचे बळ तोलून पाहणे हे गेली सहा वर्षे माझे काम आहे. पुढच्या मोठ्या अपडेटमध्ये काय सुधारावे, हे ठरवण्याआधी जे रोज खेळतात त्यांच्याशी समोर बसून बोलावे, असा माझाच आग्रह होता.

सकाळी दहालाच ऊन असे तापले होते की चोपडा, रावेर, अमळनेर आणि शहाद्याहून एसटीने आलेली मंडळी आत येताच आधी माठाकडे वळली. घरोघरी आखाजीच्या खापरावरच्या पुरणपोळ्या नुकत्याच होऊन गेल्या होत्या आणि गप्पांची सुरुवातही गावागावात आखाजीला रंगलेल्या पत्त्यांच्या डावांपासून झाली. खान्देशात आखाजी आणि पत्ते यांचे नाते जुने आहे. ज्यांच्या घरात एरवी पत्त्यांना कोणी हात लावत नाही, तेही त्या दिवशी ओट्यावर डाव मांडून बसतात. दिवसभरातले सर्वांत महत्त्वाचे म्हणणे याच गप्पांच्या वाटेने पुढे येणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पहिली चर्चा नेटवर्कची झाली. आमचा सर्व्हर मुंबईत आहे, पण चाल पोहोचायला किती क्षण लागतात हा अशा आळीपाळीच्या खेळात प्रश्नच नसतो. त्रास होतो तो जोडणी मध्येच तुटल्यावर. रावेरकडचा एक केळी उत्पादक तरुण म्हणाला, "दादा, रात्री थ्री फेज आली की मला मोटार सुरू करायला मळ्यात जावं लागतं. वाटेत रेंज जाते. तुमचे तीस सेकंद संपतात आणि जिंकत आलेला सामना हरल्याची नोंद होते." त्यावर भुसावळच्या एका विद्यार्थ्याने लगेच दुसरी बाजू मांडली. हरायला आलेला माणूस मुद्दाम नेट बंद करून समोरच्याला ताटकळत ठेवतो, तेव्हा ही मुदत वाढवली तर तेवढा छळ वाढेल, असे त्याचे म्हणणे होते. दोघेही खरे बोलत होते. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर बुद्धिबळाच्या घड्याळासारखी व्यवस्था सर्वांना पटली. प्रत्येक खेळाडूला संपूर्ण सामन्यासाठी वेळेची एकच शिदोरी मिळावी, रेंज गेल्यावर त्यातूनच वेळ कापला जावा आणि ती संपली की सामना संपावा. यामुळे अडचणीतला माणूस सुटतो आणि छळणाऱ्याला एकदाच छळता येते. पहिली चाल ज्याची त्याला मिळणाऱ्या फायद्याचा विषय लवकर मिटला, कारण त्यावर इतर खेळांनी आधीच उपाय शोधलेले आहेत. १९९३ साली आलेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग'मध्ये दोघांच्या सामन्यात पहिला खेळाडू पहिल्या चालीला पत्ता ओढत नाही, तर २०१४ साली आलेल्या 'हर्थस्टोन'मध्ये दुसऱ्याला एक पत्ता जास्त आणि शिवाय एकदाच वापरता येणारे नाणे मिळते. आमच्याकडे दुसऱ्याला फक्त जादा पत्ता होता. तेवढे पुरत नाही, हे सर्वांनी एकमुखाने सांगितले आणि मलाही ते मान्य होते.

खरा विषय जेवणानंतर निघाला. "तुमचे पत्ते नीट पिसले जात नाहीत," ही तक्रार आमच्याकडे वर्षभर येत होती आणि तिला द्यायचे उत्तर मी तयार ठेवले होते. पत्ते पिसण्याची चुकीची रीत कशी असते, ते मी फळ्यावर मांडून दाखवले. तीन पत्ते घेऊन प्रत्येक जागेवरच्या पत्त्याची तिन्हींपैकी कोणत्याही जागेशी अदलाबदल करत गेले, तर २७ वाटा तयार होतात. तीन पत्त्यांचे क्रम मात्र सहाच असतात, आणि २७ ला सहाने पूर्ण भाग जात नाही. म्हणजे काही क्रम इतरांपेक्षा जास्त वेळा येणारच. आम्ही ही रीत वापरत नाही. फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली दिलेल्या पद्धतीत एकदा जागेवर बसलेला पत्ता पुन्हा हलवला जात नाही आणि प्रत्येक क्रमाला सारखीच संधी मिळते. आमच्या सर्व्हरवर तिचेच संगणकासाठी सुटसुटीत केलेले रूप चालते. आम्ही दहा लाख वेळा डेक पिसून पाहिला होता आणि प्रत्येक पत्ता प्रत्येक जागी जवळपास सारख्याच वेळा आला होता. तो आलेख मी भिंतीवर दाखवला. माणसाला वाईट हात लक्षात राहतो आणि चांगला विसरला जातो, हेही मी सांगितले. बोलून झाल्यावर विषय संपला, असे मला वाटले.

तेव्हा चोपड्याहून आलेली, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी उभी राहिली. सकाळपासून ती एक शब्दही बोलली नव्हती. तिने पिशवीतून दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "सर, पिसण्याबद्दल माझी तक्रार नाही. बदलून घेतलेल्या पत्त्याबद्दल आहे."

आमच्या खेळात सुरुवातीचे चार पत्ते पाहिल्यावर नको असलेला पत्ता परत करून त्याच्या जागी दुसरा घेता येतो. परत केलेला पत्ता उरलेल्या गठ्ठ्यात कुठेतरी मिसळला जातो. ही सोय आम्ही चौदा महिन्यांपूर्वीच्या अपडेटमध्ये दिली होती. वहीत पट्टीने रकाने आखलेले होते: सामन्याचा क्रमांक, हातात आलेले चार पत्ते, परत केलेला पत्ता, आणि तो पुन्हा कितव्या चालीला हातात आला. पहिल्या चार चालींतच परत आलेल्या पत्त्यांवर लाल पेनाने गोल केलेला होता. काही पानांवर कोपऱ्यात तेलाचे डाग होते, एका ठिकाणी शाई पाण्याने पसरली होती आणि तिथे आकडा पुन्हा नीट लिहून घेतलेला होता. तिने ज्या सामन्यांत फक्त एकच पत्ता बदलला, असे ७० सामने वेगळे काढले होते. त्यांपैकी २९ सामन्यांत तो पत्ता पहिल्या चार चालींतच परत हातात आला होता.

मी तिथेच फळ्यावर हिशेब मांडला. ३० पत्त्यांतले चार हातात गेले की गठ्ठ्यात २६ उरतात. बदलीचा पत्ता ओढला की २५ होतात आणि परत केलेला त्यात टाकला की पुन्हा २६. तो २६ पैकी कोणत्याही जागी सारख्याच संधीने पडत असेल, तर वरच्या चारांत येण्याची शक्यता २६ पैकी चार, म्हणजे साधारण १५ टक्के. ७० सामन्यांत जेमतेम ११ वेळा. तिच्या वहीत २९ होते. एवढा फरक योगायोगाने पडत नाही, हे सांगायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. खोलीत कोणी बोलत नव्हते आणि मला हातातला खडू खाली ठेवायचे भान राहिले नव्हते.

आमच्या प्रोग्रामरने लॅपटॉप उघडला. मूळ पिसण्याचा भाग आणि परत केलेला पत्ता मिसळण्याचा भाग हे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले होते. आमची दहा लाखांची चाचणी फक्त पहिल्या भागाची होती. दुसऱ्या भागात परत आलेल्या पत्त्यासाठी जागा निवडताना, गठ्ठ्यात किती पत्ते उरले आहेत ते मोजण्याऐवजी सरळ १० हा आकडा लिहिलेला होता. ही सोय तयार होत असताना सामने लवकर संपावेत म्हणून आम्ही छोट्या डेकवर चाचण्या घेत होतो आणि तेव्हा गठ्ठ्यात दहाच पत्ते उरत असत. चाचणी संपली, डेक पुन्हा ३० चा झाला, पण तो १० तसाच राहून गेला. त्यामुळे परत केलेला पत्ता नेहमी वरच्या दहा जागांतच पडत होता आणि पहिल्या चार चालींत परत येण्याची शक्यता ४० टक्के झाली होती. ७० सामन्यांचा हिशेब २८ येतो. तिने २९ नोंदवले होते.

यातला अन्याय बारीक होता, पण खरा होता. माणूस परत करतो तो बहुधा महागडा पत्ता. आठ ऊर्जेचा पत्ता आठव्या चालीआधी खेळता येत नाही, म्हणूनच तो नको असतो. तोच तिसऱ्या चालीला पुन्हा हातात येऊन बसला की एक चाल वाया जाते. ही सोय ज्यांनी विचारपूर्वक वापरली, त्यांचेच चौदा महिने नुकसान होत होते.

मला सर्वांत जास्त लागले ते पुढचे. पत्ते बदलणारे खेळाडू न बदलणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक हरतात, हे आमच्या माहितीत पूर्वीच दिसले होते. तो आकडा माझ्या टेबलावर आला होता आणि नवखे लोक उगीचच पत्ते बदलतात, असा अर्थ लावून मीच तो अहवालात लिहिला होता. या मुलीने यापूर्वी दोनदा तक्रार पाठवली होती. दोन्ही वेळा तिला आमचे ठरलेले उत्तर गेले होते, तेच दहा लाख वेळा पिसलेल्या डेकचे. त्या उत्तराचा मसुदा माझा होता. मी सर्वांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "सर, उत्तर आलं तेव्हा मला वाटलं माझंच मोजणं चुकतंय. म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं."

अमळनेरहून आलेले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे आबा म्हणत होते आणि जे नातवाबरोबर हा खेळ खेळायला शिकले होते, त्यांनी इतका वेळ शांतपणे सगळे ऐकले होते. ते अहिराणीत म्हणाले, "पिसनारा तुमीच. मंग कापस कोन?"

क्षणभर मला त्यांचे म्हणणे नीट कळले नाही. मग त्यांनी समजावले. आखाजीच्या डावात पिसणारा कितीही सज्जन असला, तरी पत्ते वाटण्याआधी दुसऱ्याच्या हाताने कापले जातातच. कापणे हा कुणावर संशय घेणे नसते, ती रीत असते, आणि त्या रीतीमुळेच हरलेला माणूस न कुरकुरता पुढच्या डावाला बसतो. आमच्या खेळात पिसणाराही सर्व्हर आणि वाटणाराही सर्व्हर. खेळाडूचा हात त्या गठ्ठ्याला कुठेच लागत नव्हता.

उरलेला सगळा वेळ याच एका सूचनेवर गेला आणि माझ्या नोकरीतली ती सर्वांत सकस चर्चा होती. आम्ही अशी रीत मांडली: सामन्याआधी सर्व्हरने प्रत्येक डेकसाठी एक गुप्त संख्या ठरवायची आणि ती संख्या उघड न करता तिचा बदलता न येणारा ठसा दोन्ही फोनना पाठवायचा. त्यानंतर खेळाडूने पडद्यावरच्या गठ्ठ्यावर बोट ठेवून तो कापायचा, त्या क्षणी त्याच्या फोनने आपली एक यादृच्छिक संख्या पाठवायची आणि दोन्ही संख्या मिळून पत्त्यांचा क्रम ठरायचा. सामना संपल्यावर सर्व्हरने आपली संख्या दाखवायची, म्हणजे ती आधीच्या ठशाशी जुळते की नाही हे कोणालाही पडताळता येईल. शहाद्याच्या एका खेळाडूने यातली अडचण ताबडतोब दाखवली: संख्या उघड झाली की समोरच्याला आपला न खेळलेला डेकही कळेल आणि पुढच्या सामन्यात तो त्याचा फायदा घेईल. म्हणून ज्याच्या डेकची संख्या त्यालाच दाखवायची, असे ठरले. आबांनी मान हलवली. कापणारासुद्धा खालचे पत्ते पाहत नसतो, असे ते म्हणाले.

मंडळी सहाच्या सुमारास निघाली. १० हा आकडा आम्ही त्याच संध्याकाळी काढला आणि तिथे उरलेल्या पत्त्यांची मोजणी लिहिली. परत केलेला पत्ता मिसळण्याच्या भागाचीही चाचणी आता प्रत्येक अपडेटआधी होते. चूक गुपचूप सुधारावी की सांगावी, यावर वरिष्ठांशी रात्री बराच वाद झाला. ज्यांचे मोजणे बरोबर होते त्यांना आम्ही वर्षभर तुमचा भास आहे असे सांगितले, तेव्हा आता गप्प राहण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, एवढेच मी म्हणालो. शेवटी खेळ उघडताच दिसणारी चार ओळींची सूचना गेली: चूक काय होती, किती काळ होती, कोणाचे नुकसान झाले, आणि त्या हंगामात कोणाचीही रँक खाली जाणार नाही. चूक शोधणाऱ्या मुलीला बक्षीस म्हणून दुर्मीळ पत्ते देऊ केले, तेव्हा तिने ते नाकारले आणि कापण्याची सोय कधी येणार, असे विचारले. ती सोय पावसाळ्यात आली.

तिने वही मात्र थांबवली नव्हती. दुरुस्तीनंतर तीन आठवड्यांनी तिचा निरोप आला. एकच पत्ता परत केलेले ३९ सामने झाले होते. हिशेबाने त्यांतल्या सहांमध्ये तो पत्ता पहिल्या चार चालींत यायला हवा होता. आला होता सातांमध्ये.