बीपी वाढलं, पण रक्त पुढे जाईना

बीडच्या आमच्या आयसीयूत काका आले ते बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर. दोन दिवस छातीतली कळ पित्त समजून अंगावर काढलेली. हृदयाच्या खालच्या भिंतीचा (इन्फिरिअर वॉल) अटॅक, बीपी ७८/५०, नाडी १२०, फुप्फुसं पाण्याने भरलेली. सोबतच्या इकोच्या कागदावर ‘ईएफ ६० टक्के’, म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा (जवनिका) दर ठोक्याला आतलं ६० टक्के रक्त बाहेर टाकतो. एवढंच वाचून ‘पंपिंग चांगलंय’ म्हणणारे डॉक्टर जागोजागी भेटतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

आडवं होता येईना, म्हणून बसल्या-बसल्याच इकोचा प्रोब लावला. मायट्रल झडप धरून ठेवणारा पॅपिलरी स्नायू तुटून तिचं पान डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) फडफडत होतं. जवनिका जोरात आकुंचन पावत होती, पण बरंचसं रक्त मागेच फिरत होतं. ईएफ चांगला दिसत होता तो त्यामुळेच.

मग व्हीटीआय मोजला. दर ठोक्याला रक्त महाधमनीकडे किती सेंटिमीटर सरकतं, त्याचं हे माप. साधारण १८ ते २२ असतं. कर्सर प्रवाहाच्या अगदी रेषेत हवा, डॉप्लरचा गेट (जिथला वेग मोजायचा ती खूण) महाधमनीच्या झडपेच्या किंचित खाली. जरा तिरका झाला की आकडा कमी येतो. श्वासागणिक चित्र निसटत होतं, म्हणून पाच ठोक्यांची सरासरी घेतली: ९. जवनिकेतून महाधमनीकडे जाणाऱ्या मार्गाचा व्यास २ सेंटिमीटर, म्हणजे ठोक्याला जेमतेम २८ मिली.

धमन्या आवळून बीपी चढवणारं नॉरअॅड्रिनलिन वाढवलं. बीपी ९६ झालं, सगळ्यांना हायसं वाटलं. पायाशी बसलेल्या काकू तेवढ्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पाय तर बरफावानी गार हायेत अजून.”

पुन्हा मोजला. व्हीटीआय ७. धमन्या आवळल्यामुळे पुढची वाट अवघड झाली होती, रक्त आणखी मागे ढकललं जात होतं. नॉरअॅड्रिनलिन बेताचं ठेवून हृदयाचं आकुंचन वाढवणारं डोब्युटामिन सुरू केलं. बीपी ८८ वरच राहिलं, व्हीटीआय १२ वर गेला, पिशवीत लघवी दिसू लागली. महाधमनीत बसवून हृदयावरचा भार हलका करणारा बलून पंप आमच्याकडे नाही. त्याच अवस्थेत त्यांना शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगरला पाठवलं. झडप बदलली, काका वाचले.

माझा सहकारी अजून म्हणतो, ७ आणि ९ मधला फरक मोजणाऱ्याच्या हाताचा. हात माझाच, जागा तीच, मशीन तेच. दोन्ही वेळची चित्रं जपून ठेवली आहेत. त्याला दाखवली, तरी आमचा वाद मिटलेला नाही.