गाय कुठं ठेवू, ते सांग

३ जून २०२०. दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्या दिवशी सकाळपासून मी नागपुरातून ताईला फोन लावत होते. तिला दिवेआगरात दिलंय. गावात भोंगा फिरून गेलेला, शाळा उघडून ठेवलेली, आणि ताई घरातच! मी ओरडले. ती म्हणाली, "गाय व्यायला टेकलीय. तिला कुठं ठेवू, ते सांग."

मग एकेक निघालं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे उकिडवं बसता येत नाही, शाळेत कमोड नाही. एका वर्गात एवढी माणसं कोंबायची, तेही करोनात. शिवाय २००९च्या फयान वादळात घराची नुसती कौलं सरकली होती.

याला हट्ट म्हणणं मी तेव्हापासून सोडलं. ओडिशात १९९९च्या वादळात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१९ला फनीच्या आधी तिथं १२ लाखांवर लोक हलवले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. लोक एकदम शहाणे झाले म्हणून नव्हे. मधल्या वर्षांत गावोगाव खांबांवर उभे पक्के निवारे झाले आणि सांगायला दारात गावातलीच पोरं येऊ लागली. बांगलादेशात तर गुरांसाठी मातीचे उंच ओटे बांधलेत, त्यांना 'किल्ला'च म्हणतात. ताईचा प्रश्न तिथं कुणीतरी ऐकला होता.

ताईला भोंग्यानं हलवलं नाही. शेजारच्या काकू कुलूप लावून दारात आल्या, "मी निघाले, चल," म्हणाल्या, तेव्हा ती सासूबाईंना घेऊन उठली. दाजी गोठ्यातच थांबले. पत्रे उडायला लागल्यावर त्यांनी विळ्यानं गाईचं दावं कापलं. हे मला पाच दिवसांनी कळलं. तोवर फोन बंद. गाय दुसऱ्या दिवशी वाडीत सापडली, कमरेतून मोडलेल्या सुपाऱ्यांमध्ये उभी.

पुढं २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आमच्या लेआऊटमध्ये शिरलं. वरच्या मजल्यावरून हाका येत होत्या आणि मी फ्रिजखाली विटा सरकवत होते. आई पलंगावर, पाणी पलंगाच्या पायांना. गुडघ्याला लागलं तेव्हा मी बाहेर आले.

सकाळी ताईचा फोन आला. रागावली नाही. एवढंच विचारलं, "आईला वर कसं नेलंस गं?"

"खुर्चीत बसवून. चौघांनी उचललं."