चुंबळ

दिवेघाट चढताना पाठ अजिबात दुखली नाही, हे मी त्या रात्री घरी फोन करून तीनदा सांगितलं. सासवड, जेजुरीचा भंडारा, वाल्हे, सगळं आता एकमेकांत मिसळून गेलंय. स्वच्छ आठवते ती नीरेनंतरची दुपार.

कमरेची चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी गेल्या वर्षी सरकली. वीस वर्षं खुर्चीत बसून लोकांचे हिशेब लिहिले, त्याची थकबाकी. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "चाला. या गाद्यांना मोठेपणी रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. हालचाल झाली की त्यांचं पोषण नीट होतं." तिच्या मनात सोसायटीच्या चार फेऱ्या होत्या. मी दिंडीत नाव घातलं.

नीरेत पादुकांचं स्नान झालं, मीही पाण्यात उतरले आणि घाईत ओल्याच पायांवर मोजे चढवले. लोणंद यायच्या आत दोन्ही टाचांना फोड. डावा फुटला. मग तो पाय उचलून धरत उजवीकडे झुकून चालणं आलं, आणि तासाभरात कमरेची उजवी बाजू भरून आली. पाठीवर सॅक होतीच. ट्रकमध्ये टाका म्हणून विणेकरीबुवांनी दोनदा सांगितलं होतं, पण मला पाण्याच्या बाटल्या आणि पॉवर बँक हाताशी हवी होती. पुढे टाळकरी पावली खेळत होते. मला माउलींच्या नावाचाही राग येत होता, हे आज लिहून टाकते.

"खाली काय पडलंय गं तुझं?"

शेजारून डोक्यावर तुळस घेतलेली आजी चालली होती. सत्तरीची असेल. पितळी वृंदावनाला हात लावलेला नाही, दोन्ही हातांनी शेंगा सोलून खात होती.

"काही नाही आजी, पाय दुखतायत."

"पाय दुकत्यात तं पाठीचं कुबड कशाला केलंस?"

लिंबाच्या सावलीला तिने मला थांबवलं. कमरेला खोचलेली जुन्या लुगड्याची पट्टी काढली, बोटांभोवती फिरवून चुंबळ केली. माझ्या सॅकमधल्या बाटल्या न विचारता वाटून टाकल्या, सॅक आपल्या नातवाच्या खांद्यावर दिली. चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली, उरल्या रेनकोटची घडी तिच्यावर ठेवून म्हणाली, "पाडू नको. चाल."

तीनदा पडली. चौथ्यांदा लक्षात आलं की पायाकडे बघितलं की ती पडते, आणि लंगडलं तरी पडते. मग नजर समोरच्या पताकेवर ठेवली. हनुवटी आपोआप आत आली, खांदे मागे गेले. आपलं डोकं पाचेक किलोचं असतं. ते महिनोन् महिने स्क्रीनकडे पुढे काढून धरलेलं, आज जागेवर आलं. फोड ठणकतच होते. कंबर मात्र गप्प झाली. आजीकडे बघितलं तर कमरेखाली सगळं हलतंय आणि वर तुळशीचं पान हलत नाही.

(फिजिओथेरपिस्टला हे सांगितलं तेव्हा ती आधी ओरडलीच. गादी सरकलेल्या माणसाने डोक्यावर ओझं? मग विचारलं, किती वजन? म्हटलं, रेनकोट. हसली.)

लोणंदच्या वेशीवर आजीने चुंबळ परत मागितली. "माजी एकच हाय." नातू सॅक देऊन पळाला. दिंडीचा नंबर विचारायचं राहून गेलं.

पुढे टॉवेलची चुंबळ करत राहिले. रात्री कुशीवर झोपून रेनकोटची घडी गुडघ्यांमध्ये धरायची, त्याने कमरेवरचा पीळ कमी होतो. शेजारच्या काकूंच्या घोरण्यावर मात्र उपाय सापडला नाही. रिंगण पाहिलं, वेळापूर गेलं, वाखरीला पाऊस.

पंढरपुरात दर्शनाची रांग बघूनच कळसाला हात जोडायचं ठरवलं. गर्दीत उभं राहून राहून कंबर अवघडली, म्हणून दोन्ही हात कमरेवर टेकले आणि मान ताठ करून वर बघत राहिले. किती वेळ, कळलं नाही.

मागून पोलीस ओरडला, "ओ माउली, उभं नका राहू, पुढं चला!"