मॅडम, कोणीच रिप्लाय देत नाही

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बॉटनी शिकवते. दिवाळी झाली की आमच्या स्टाफरूमच्या दारात दोनचार पोरं घुटमळायला लागतात, कारण बंगलोरची इंडियन अकॅडमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात शास्त्रज्ञाकडे काम करायची जी समर फेलोशिप देतात तिचा फॉर्म आदल्या थंडीतच भरायचा असतो आणि त्याला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. बाकी वर्षभर रिसर्च म्हटलं की विद्यापीठाच्या आविष्कार स्पर्धेचं पोस्टर, एवढंच. चार वर्षांच्या डिग्रीत शेवटच्या वर्षी रिसर्च आहे म्हणे, पण त्यालाही आधीच्या सहा सेमिस्टरना 75 टक्के हवेत, तोवर पोराने काय करायचं?

तर एसवायची एक मुलगी आली, वर्गात कधी तोंड न उघडणारी. म्हणाली मॅडम, उन्हाळ्यात लॅबमध्ये घ्या म्हणून एवढ्या प्रोफेसरांना मेल केले, कोणीच रिप्लाय देत नाही. मी म्हटलं दाखव. "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, लहानपणापासून मला विज्ञानाची प्रचंड आवड आहे" असलं इंग्रजीत, गुळगुळीत, आणि हाच मेल कॅन्सरवर काम करणाऱ्याला, हाच समुद्री शेवाळवाल्याला, आणि एक तर चक्क खगोलशास्त्राच्या माणसाला. त्या लोकांना असे मेल दिवसाला ढिगाने येतात गं, मी म्हटलं, तुझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय ते कुठे लिहिलंयस? गप्प. मग सहज विचारलं, सुट्टीत काय करतेस.

तेव्हा सॅकमधून वही निघाली. रेघा मारलेली साधी दोनशे पानी.

तिच्या घरामागे सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, आणि त्याच्या एका अंगाला चिरेखाण. पावसाच्या सुरुवातीला सड्यावर दीपकाडी फुलते, पांढरी, मुख्यतः आपल्या कोकणातल्या सड्यांवरच सापडणारी. हिने सुतळी आणि चार खिळे घेऊन एक मीटरचा चौकोन केलेला, खाणीच्या कडेपासून आत आत जात प्रत्येक ठिकाणी तो टाकायचा आणि आतली झाडं मोजायची, दोन पावसाळे! मातीचा थर किती बोटं, पाणी साचतं का, तेही लिहिलेलं. वडिलांचाच टेम्पो चिरे वाहतो म्हणून खाणवाल्यांनी हाकललं नाही, नाहीतर तिथे कॅमेरा काढला तरी दहा प्रश्न विचारतात. मी विचारलं हे कोणी सांगितलं करायला, तर म्हणे तुम्हीच क्वाड्रॅट, हा मोजणीचा चौकोन, शिकवलात ना इकॉलॉजीत.

खरं सांगते, क्वाड्रॅट शिकवून कोणी घरी जाऊन टाकतं यावर माझा विश्वासच नव्हता.

ती दुपार सगळी त्यातच गेली, चार वाजताचं प्रॅक्टिकल दुसऱ्या मॅडमच्या गळ्यात घातलं. तिला म्हटलं प्रोफेसर शोधू नकोस, आधी पेपर शोध, सड्यांच्या वनस्पतींवर कोण लिहितंय बघ. पुण्यातले एक सर सापडले. त्यांचा एक पेपर आम्ही दोघींनी बसून वाचला, तिला अर्धा कळला, मला बऱ्यापैकी. मग मेल नवा लिहिला, सात-आठ ओळींचा, तिच्याच मोडक्या इंग्रजीत, मी फक्त स्पेलिंग बघितलं: मी अमुक पेपर वाचला, माझ्या गावात मी हे मोजलं, खाणीजवळ आकडे कमी दिसतात पण तिथे मातीही पातळ आहे, मग कारण खाण की माती हे कसं ओळखायचं? सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो. "लहानपणापासून"वर मी स्वतः काट मारली.

दोन ओळींचं उत्तर आलं. चौकोनांच्या जागा कशा ठरवल्या, आणि खाण सुरू व्हायच्या आधीचं काही माहीत आहे का. ना शाबासकी ना काही. ती हिरमुसली, मला मात्र नाचावंसं वाटलं, अगं प्रश्न विचारलाय म्हणजे वाचलंय ना! रात्री वडिलांना विचारून तिने खाणीचं वर्षवार कळवलं, कुठला भाग कधी फोडला ते त्यांना तोंडपाठ.

फेलोशिपचं काय व्हायचं ते होवो, सरांनी उन्हाळ्यात लॅबमध्ये बोलावलं, होस्टेलची सोयही बघितली. वडिलांचा मला फोन, एकटीला पाठवू का मॅडम, परीक्षेला मार्क मिळतात का याचे? मार्क नाही मिळत, पाठवा, म्हटलं.

घोळ एवढाच की दीपकाडी फुलते नेमकी जूनमध्ये आणि ही तेव्हा पुण्यात. मग चुलतभावाला सुतळी-खिळे देऊन तयार केलं. त्याने पहिल्या आठवड्यात पाठवलेले आकडे सगळे दहा, वीस, दहा, तीस असे, आणि तिने फोनवरून त्याला असा काही झापला की पुढच्या रविवारी तो भर पावसात परत सगळं मोजून आला.