मागचा उतार

कोल्हापुरात गंगावेशीपुढं, नदीकडच्या एका गल्लीत आम्ही नागरी आरोग्य केंद्राचा नकाशा करत होतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तिथली बरीच भाडेकरू कुटुंबं वरच्या भागात राहायला गेलेली. चक्की बंद, शिंप्याचं दुकान बंद. सातनंतर तालमीचा दिवा सोडला तर सगळा अंधार. शहरात साधारण ५०,००० वस्तीमागं असं एक केंद्र असतं. एवढ्या लोकांची पावलं रोज या गल्लीतून गेली तर चक्कीही पुन्हा सुरू होईल, असा माझा हिशेब होता.

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. हे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ आहेत. २०१९ ला ती ५५ फुटांच्याही वर गेली होती. आमच्या जागेशेजारच्या भिंतीवर पाण्याची खूण जमिनीपासून तीन फुटांवर होती, म्हणून जोतं चार फूट धरलं. लसींचा फ्रीज आणि विजेचा बोर्ड वरच्या मजल्यावर नेले. चाकाच्या खुर्चीला चढता यावं तर एका फुटाला बारा फूट लांबी लागते, म्हणजे अठ्ठेचाळीस फुटांचा उतार, मध्ये एक सपाट टप्पा. तो मी मागच्या बोळात काढला होता. दर्शनी बाजूला रुंद पायऱ्या.

कागदावरचा नकाशा लोकांना कळत नाही, म्हणून एका रविवारी जागेवर फक्की मारून तो खऱ्या मापात आखला आणि पेठेला बोलावलं. तालमीतली पोरं टेप धरायला आली.

काठी टेकत एक आजी पायऱ्यांच्या रेघांपाशी थांबल्या. "ह्या चढायच्या व्हय?"

"नाही आजी, तुमच्यासाठी मागनं उतार आहे."

"मागनं? का गं पोरी? माझ्या पेठेत मी मागच्या दारानं येऊ?"

मला उत्तर सुचलं नाही. गुडघे गेलेली, गरोदर, कडेवर मूल घेतलेली, म्हणजे केंद्रात जी येणार तीच सगळी मी बोळात ढकलली होती.

उतार पुढं घ्यायचा ठरवत होते, तेवढ्यात एका बाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली. "ताई, माझी जाऊ टीबीच्या गोळ्या घ्यायला सहा महिने लांबच्या केंद्रात जात होती. इथं कुणी बघितलं असतं तर? तुमच्या त्या खोलीवर नाव लिहिणार काय?"

नकाशात ती खोली दारालगतच होती, नावासकट.

दोघींचंही खरं होतं. एकीला सगळ्यांच्या समोरून यायचं होतं, दुसरीच्या जावेला कुणाच्या नजरेत यायचं नव्हतं. दुपारभर आम्ही रेघा पुसत आणि मारत राहिलो. उतार पुढं आला, त्याच्या कडेनं बसता येईल अशी बुटकी भिंत. दार सगळ्यांना एकच. खोल्यांवर नावं नाहीत, फक्त क्रमांक. सगळ्या गोळ्या एकाच खिडकीवर. टीबीची खोली आत, समोरासमोर खिडक्यांची, वारा आरपार जाईल अशी. थुंकीचा नमुना द्यायची जागा उघड्यावर, पण आडोशाला.

आजी नव्या रेघांवरून सावकाश चालत गेल्या आणि मधल्या टप्प्यावर थांबल्या. "हितं दम लागतोय. चार बायका बसतील एवढं कर."

पोरांनी टेप धरला. टप्पा तीन फुटांनी वाढवला.